विजयनगरातलं तैवानी न्याहारीचं दुकान: सकाळी सातला जा

खारं सोयादूध पहिल्यांदा पुढ्यात आलं की आपल्या माणसाचा हात मागे येतो. वाटीत दूध फाटलेलं दिसतं, वर लाल तिखट तेलाचे थेंब, मधून कांद्याची पात डोकावते. दूध नासलं म्हणून आपण जे टाकून देतो, ते इथे मुद्दाम करून वाढलेलं असतं. २०२३ मध्ये तैवानात, सिन्चू शहरात, माझा हात असाच थबकला होता, आणि गेल्या महिन्यात इथे इंदुरात माझ्या भाऊजींचा थबकला. दोन्ही वेळा वाटी शेवटी चाटूनपुसून रिकामी झाली.

विजयनगरच्या आतल्या रस्त्यावर चार महिन्यांपूर्वी हे दुकान निघालं. आठ टेबलं, स्टीलची स्टुलं आणि समोरच उघडं स्वयंपाकघर. मी आतापर्यंत सात वेळा गेले, पाच वेळा सकाळी आणि दोनदा संध्याकाळी. लिहायला बसले त्याचं कारण असं, की मालक परवा म्हणाला, "काकू, संध्याकाळी नूडल्सला लोक रांग लावतात, पण सकाळी दहा-बारा जणांवर गाडी जात नाही. दिवाळीनंतर दुपारपासूनच उघडावं म्हणतोय." ते ऐकून मला वाईट वाटलं. या दुकानात खरं करून दाखवलेलं जे काही आहे, ते सगळं सकाळी अकराच्या आत आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कशावरून बोलते ते कळेल. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, लोकमान्य नगरात राहते. मुलगा सिन्चूच्या सायन्स पार्कमध्ये इंजिनिअर आहे. त्याच्याकडे आम्ही दोघं दोन महिने राहिलो. त्याच्या इमारतीखालीच एक न्याहारीचं दुकान होतं, पहाटे साडेपाचला शटर वर जायचं. तिकडे घरी सकाळचा स्वयंपाक करण्याची फारशी चाल नाही. शाळेची पोरं, कामगार, म्हातारी माणसं, सगळी जण खाली उतरून कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खुणा करतात आणि पाच मिनिटांत हातात गरम पुडकं घेऊन निघतात. इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलीही सकाळ वाफेवर ठेवलेल्या पोह्यांच्या परातीपाशीच उजाडते.

पण माझा जीव या दुकानात अडकला तो सोयाबीनमुळे. आमच्या सासरची जमीन देपालपूरच्या बाजूला आहे. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा सोयाबीन तिथे नवंच होतं, आणि बघता बघता सगळ्या काळ्या मातीवर तेच पसरलं. मालव्यात त्याला पीला सोना म्हणतात. जूनअखेर पेरायचं, दसऱ्याच्या आसपास काढायचं, ट्रॉलीत भरून मंडीत घालायचं. तिथून ते तेलाच्या कारखान्यात जातं, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला, नाहीतर परदेशी. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून आपल्याच खंडवा रोडवर आहे. इतकं सगळं असून आमच्या घरात सोयाबीन आलं ते फक्त डब्यातलं तेल म्हणून आणि मुलं लहान असताना रश्श्यात टाकायच्या वड्या म्हणून. शंभर ग्रॅम दाण्यात चाळीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत हे मी वर्गात फळ्यावर लिहीत होते, आणि घरी तो दाणा कधी शिजवत नव्हते.

त्याला कारण होतं. सोयादूध म्हणून जे आपण एकदा चाखून पाहिलेलं असतं, त्याला कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो. दाणा पाण्यात भरडला की त्यातलं लिपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) लगेच तेलावर काम करू लागतं आणि तो वास तयार होतो. एकदा झाला की मग साखर घाला, वेलची घाला, जात नाही. या दुकानाच्या मालकाने काय केलं, तर रात्रभर भिजवलेला दाणा निथळून उकळत्या पाण्यातच वाटायला घेतला. विकर तिथल्या तिथे निकामी होतं. मी पहिल्या दिवशी गल्ल्यापाशी उभी राहून हे पाहिलं आणि त्याला विचारलं, तू कुठे शिकलास? तर मुलगा रामबागेतला, मराठी घरातला निघाला. सिन्चूलाच सहा वर्षं नोकरी केली, तिथे लग्न केलं, बायको तायनानची. दूध करायचं ती पाहते.

तिचं काम पाहण्यासारखं आहे. सोयादूध ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की भसकन फेस चढतो आणि पाहणाऱ्याला वाटतं उकळी आली. ती उकळी खरी नसते. दाण्यातल्या सॅपोनिनमुळे साबणासारखा फेस येतो, दूध अजून शिजलेलं नसतं, आणि अर्धकच्चं सोयादूध पोटाला बाधतं, कारण प्रथिनं पचू न देणारा घटक पुरत्या उष्णतेशिवाय मोडत नाही. ती बाई फेस वर आला की आच कमी करते, झाऱ्याने फेस काढते, पुन्हा आच वाढवते, आणि मग चांगली दहा मिनिटं दूध खळखळू देते. हात सतत तळाशी. तरी दुधाला किंचित करपट वास राहतो. मी तिला विचारलं, तर मालकाने भाषांतर करून सांगितलं की तो ठेवलेला आहे. तैवानात सोयादुधाचा हा वास लोकांना हवा असतो. आपल्याकडे बासुंदीला तळाशी धरलेल्या सायीची जी चव येते, तिच्याच जवळची ती गोष्ट आहे.

आता ती वाटी. गोड दूध गरम आणि गार दोन्ही मिळतं, ते छानच आहे, पण खारं दूध मागवा. चिनी मातीच्या वाटीच्या तळाशी ती चमचाभर काळं तांदळाचं व्हिनेगर घालते, थोडा सोया सॉस, मोहरीच्या जाड देठाचं बारीक चिरलेलं लोणचं आणि पात. मग उकळतं दूध हातभर उंचीवरून एका धारेत ओतते आणि ढवळत नाही. पहिले काही क्षण दूध पांढरंशुभ्र असतं. मग कडेने बारीक कण दिसू लागतात, मधे मऊ ढेकळं जमतात, त्यांच्याभोवतीचं पाणी किंचित निवळतं. सामू, म्हणजे आम्लतेचं माप, साडेचारच्या आसपास आला की सोयाची प्रथिनं एकमेकांना धरतात. इथे व्हिनेगर एवढंच असतं की धरायला सुरुवात होते आणि तिथेच थांबते. चमच्यात येतं ते पातळ खरवसासारखं, जिभेवर विरघळणारं, आंबटखारट, आणि मधेच लोणच्याचा कुरकुरीत तुकडा. वर तिखट तेल आपण आपल्या हाताने घालायचं. दोन मिनिटांच्या आत खायला लागा. उशीर झाला की ढेकळं घट्ट होऊन खाली बसतात आणि मजा जाते. फोटो काढायचा असेल तर दुसरी वाटी मागवा.

या वाटीबरोबर योउथ्याव हवाच. मैद्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध काडीने दाबायच्या, टोकं धरून हातभर ताणायच्या आणि कढईत सोडायच्या. दाबलेल्या रेघेत दोन्ही पट्ट्या चिकटलेल्या राहतात, बाकी कडा मोकळ्या, म्हणून वाफेला फुगायला वाव मिळतो आणि चार पट लांबरुंद होऊन आतून पोकळ निघतात. सातच्या सुमाराला कढईतून काढलेला योउथ्याव मोडला की आत जाळी दिसते, मोठ्या भोकांची, आणि तेल अजिबात धरलेलं नसतं. तो तुकडा दुधात बुडवायचा. साडेनऊला मात्र तोच योउथ्याव चामट झालेला असतो. एकदा आम्ही दहाला पोचलो, तर सकाळचे उरलेले पुन्हा तळून दिले, ते कडक आणि तेलकट होते. मी तसं सांगितलं. त्याने पैसे घेतले नाहीत, पण मुळात ते वाढायलाच नको होते. संपले असं सांगितलेलं चालेल.

फानथ्वान म्हणजे चिकट भाताची मूद, आत योउथ्यावचा तुकडा आणि वाळवून खारवलेल्या मुळ्याचा कीस. तिकडे त्यात डुकराच्या मांसाचा तंतूतंतू केलेला चुराही घालतात, इथे कोंबडीचा घालतात, सांगितलं तर वगळतात. भात आसामच्या बोरा तांदळाचा आहे, तो शोधून आणल्याबद्दल त्याचं कौतुक. ओल्या कापडावर भात पसरून, सारण ठेवून, कापडासकट पिळून जेव्हा तो मूद वळतो तेव्हा मला आमच्या आईंची मोदकाची उकड मळायची लकब आठवली. गोड फानथ्वानमध्ये दाण्याचं कूट, साखर आणि तीळ असतात. ही मूळ तैवानचीच रीत आहे, आपल्यासाठी केलेला बदल नाही. प्रवासाला निघताना बरोबर घ्यायला याहून बरं काही नाही. मुळ्याची वडी कोथिंबिरीच्या वडीसारखीच, आधी उकडून मग काप तव्यावर भाजलेले. बाहेरून खमंग, आत लुसलुशीत. अंड्याचा तानपिंग, म्हणजे अंडं लावून गुंडाळलेली पातळ पोळी, ठीक आहे, त्यासाठी मुद्दाम जायला नको.

ही सगळी न्याहारी तैवानात फार जुनी नाही, हे मला तिथे कळलं. १९४९ नंतर चीनमधून लाखो सैनिक आणि त्यांची कुटुंबं तैवानात आली, उत्तरेकडची गव्हाची खाणी त्यांच्याबरोबर आली. १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेची मदत आली तीत गहू होता, त्यामुळे भात खाणाऱ्या बेटावर मैदा स्वस्त झाला. तायपेइच्या पलीकडे योंगह नावाची वस्ती आहे, तिथे १९५५ मध्ये दोन निवृत्त सैनिकांनी पुलाच्या टोकाला सोयादुधाची गाडी लावली, आणि आज तैवानभर सोयादुधाच्या दुकानांच्या पाट्यांवर योंगह हे नाव दिसतं. फौजेबरोबर आलेलं माणूस परत जात नाही, त्याचं खाणं तिथल्या मातीत रुजतं. होळकरांच्या पाठोपाठ मालव्यात आलेल्या घरांतल्या आम्हा लोकांना हे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. दुसऱ्या खेपेला मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, नेलं. त्या चौऱ्याऐंशीच्या, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. वाढणाऱ्या मुलाला मी स्पष्ट विचारलं, यात काही मांसाहारी नाही ना? तो म्हणाला, नाही, सोयादूधच आहे. तीन चमचे खाल्ल्यावर आईंच्या चमच्यात गुलाबीसर काहीतरी आलं. जवळा होता. खाऱ्या सोयादुधात सुका जवळा घालण्याची पद्धत आहे, मला ते ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं होतं. आईंनी चमचा खाली ठेवला, काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या. घरी येऊन आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्या विश्वासावर त्या आल्या होत्या. मालक दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागत होता, आणि त्याने आता जवळा वेगळ्या डब्यात, मागेल त्यालाच, असं केलं आहे. वाढणाऱ्या मुलांनाही नीट शिकवलं आहे, मी नंतर दोनदा विचारून पाहिलं.

पण खाद्ययादीवर अजून पुरेसं लिहिलेलं नाही. मुळ्याच्या वडीच्या एका प्रकारात जवळा असतो, ते तोंडी सांगतात. हे चालणार नाही. आणि याचं उत्तर तैवानकडेच आहे. तिथे बौद्ध परंपरेतले शाकाहारी भरपूर, त्यांच्या दुकानांवर स्वस्तिकाची खूण असते, परदेशात ते चिन्ह पाहून मी रस्त्यातच थांबले होते. त्यांच्यातले पुष्कळ जण कांदा-लसणासकट त्या वर्गातल्या पाच भाज्याही खात नाहीत. म्हणून तिथल्या पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर पाच प्रकार छापलेले असतात: निव्वळ वनस्पतीचं, अंड्याचं, दुधाचं, दूध-अंडं दोन्हीचं, आणि कांदा-लसणाच्या वर्गातलं काही असलेलं. इंदुरात एकाच टेबलावर जैन मित्र, वैष्णव शेजारी, अंडं खाणारा नातू आणि न खाणारी आजी बसतात. आपल्याला हीच विभागणी हवी. मी मालकाला कागदावर पाचही खुणा काढून दिल्या आहेत. त्याने त्या छापून लावाव्यात, मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

संध्याकाळच्या नूडल्सबद्दल थोडक्यात. तैवानचं नाव ज्यावर चालतं ते गोमांसाचं नूडल सूप, तायपेइत २००५ पासून त्याचा उत्सव होतो. मध्य प्रदेशात ते होणार नाही, आणि इथे कुणी तशी अपेक्षाही करू नये. या दुकानात बोकडाचं करतात आणि दुसरं अळंब्यांचं. मालकाच्या बायकोने सांगितलेली गोष्ट मला फार भावली. तिची आजी जन्मभर गोमांस खायची नाही, घरातल्या भांड्यात शिजवूही द्यायची नाही, कारण ज्या बैलाने शेत नांगरलं त्याला कसं खायचं. तैवानच्या जुन्या शेतकरी घरांत हा नेम अजून पाळतात. आमच्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवतात हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिने माझा हात धरला.

रस्सा मेहनतीचा आहे. आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची तिखट चटणी, चक्रफूल, आलं, खडीसाखर, आणि तिरफळाच्या जातीचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा सिचुआन मिरा. बोकडाचं मांस मऊ शिजलेलं होतं. अळंब्यांच्या रश्श्याला मात्र अंग नाही, मसाला वर वर तरंगतो. सगळ्यात मोठा दोष नूडल्सचा. तैवानी माणूस चांगल्या नूडल्सना क्यूक्यू म्हणतो, म्हणजे दाताखाली दबून परत उसळणाऱ्या. शनिवारच्या गर्दीत मला मिळाल्या त्या मऊ पडलेल्या होत्या, आधी उकडून ठेवलेल्या असणार. बुधवारी त्याच चांगल्या होत्या. वाडग्याला ३२० रुपये घेता, तर दर वाडग्याच्या नूडल्स त्या त्या वेळीच उकळत्या पाण्यात पडल्या पाहिजेत. बरोबर छोट्या बशा मिळतात, त्यातली ठेचलेली काकडी घ्या.

सकाळचे दर सोपे आहेत: गोड दूध ५०, खारं ९०, योउथ्याव ४०, फानथ्वान १३०. सकाळी साडेसहा ते अकरा, सोमवारी बंद. स्टुलांना पाठ नाही, आईंसारख्यांसाठी दोन खुर्च्या आत असतात, त्या मागून घ्या. रविवारी दुधाच्या चोथ्याचं थालीपीठ असतं, मालकाची आई घरून पीठ मळून पाठवते. यादीत नाही, विचारावं लागतं, आणि नऊपर्यंत संपतं.

भाऊजींना मी नेलं तो रविवारच होता. ते सत्तरीचे, अजून स्वतः पेरणीला उभे राहतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना मंडीत त्याच्या किती खाली माल द्यावा लागला, हे ते मला गाडीत सांगत होते. वाटी आली तशी त्यांनी ती नाकाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "वास कुठे गेला?" म्हणाले. मालक येऊन शेजारी बसला. "काका, देपालपूरचाच दाणा आहे," म्हणाला. मग दोघांचं वाणावर बोलणं सुरू झालं ते अर्धा तास. खंडवा रोडच्या संस्थेने एनआरसी १४२ हे वाण काढलं आहे, त्यात वासाला कारण होणारं मुख्य विकरच नाही. मालकाला त्याचा दाणा हवा आहे, थोडा पण एकाच शेतातला, स्वच्छ वाळवलेला. भाऊजींनी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने हिशोब मांडला. या वर्षीचं पीक उभं आहे, त्यात काही करता येणार नाही. दसऱ्यानंतर ते आपल्या नेहमीच्या मालातले वीस किलो निवडून दुकानात पोचवणार आहेत, वाटून पाहायला. आणि पुढच्या जूनला विहिरीकडचा अर्धा बिघा त्यांनी नव्या वाणासाठी राखून ठेवला आहे.